चौथऱ्यातलं लोखंड

४ जानेवारी

धाकट्या,

तुझा फोन माझ्यासाठी लागत नाही. आईसाठी लागतो, दिवेवाल्या काकांसाठी लागतो, परवा तर म्हणे रंग पुरवणाऱ्या माणसाशीही तू भरपूर गप्पा मारल्यास. म्हणजे फोन धडधाकट आहे, बिघाड माझ्यात आहे. म्हणून हे पत्र. ते तू फाडून टाकशील, पण आधी वाचशील, कारण भोचकपणा आईने आपल्या दोघांना अगदी सारखा वाटून दिलाय.

कामाचं बोलते. ते नाटक पुन्हा उभं राहतंय. हो, तेच. आईचं खुब्याचं हाड जुळलं. ती काठी घेऊन चालते आणि चालण्यापेक्षा ती काठी लोकांवर रोखायलाच जास्त वापरते. दिग्दर्शकाने विचारल्यावर हो म्हणायला तिने श्वाससुद्धा घेतला नाही. कप्तानाच्या बायकोची भूमिका तिचीच. बंदराच्या प्रवेशात अंधारातून सरकत्या चौथऱ्यावर उभी राहून ती पुढे येते, तेही तसंच राहणार. मी म्हटलं, निदान कठडा लावू या, धरायला. तर म्हणाली, "नवऱ्याची वाट बघणारी बाई कठडा धरून उभी राहते का?" मी वाद घातला नाही. वाद घालून घालून माझा घसा बसलाय.

चौथरा मीच नव्याने बांधतेय. जुन्याच्या फळ्या तडकल्या होत्या. पोटात लोखंडी ठोकळ्यांसाठी तोच कप्पा, खाली तीच चाकं. आणि आता ऐक, ज्यासाठी लिहायला बसले ते. काल दिग्दर्शक कारखान्यात आला, लाकडाच्या भुशात उभं राहून चष्मा पुसला आणि म्हणाला, "चौथरा बनवा तुम्ही, पण ढकलायला दुसरी माणसं घेतोय. समजून घ्या." मी विचारलं, काय समजून घ्यायचं? तर इकडेतिकडे बघत म्हणाला, "मंडळींच्या मनात अजून ते आहे."

ते म्हणजे तुझं वाक्य. आई चौथऱ्यावरून खाली पडलेली, पडदा कसाबसा ओढलेला, सगळी मंडळी धावत आलेली, आणि तू त्या सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणालास, "ताई, तू रागात ढकललंस. आईवरचा राग चौथऱ्यावर काढलास." त्या दुपारी माझं आणि आईचं वाजलं होतं हे सगळ्यांनी ऐकलं होतं. तुझं वाक्य तिथे चपखल बसलं. दुसऱ्या दिवशी तू निघून गेलास आणि वाक्य इथे माझ्या गळ्यात अडकवून गेलास.

मी रागात होते. पण ढकललं नेहमीसारखंच. डावीकडे तू होतास, उजवीकडे मी. तुझ्या हातांना कळलं असेलच की माझी बाजू पुढे गेली नव्हती. चौथरा वाकडा गेला नाही, सरळ गेला, सुसाट गेला.

मला बाकी काही नको. ये आणि दिग्दर्शकाला एक वाक्य सांग, की दोघांनी सारखंच ढकललं. मला माझी चौथऱ्यामागची जागा परत हवी आहे. इतकी वर्षं मी ते नाटक अंधारातून ढकललंय, आता कुणी येऊन मला तिथून उठवतंय, ते मला सहन होत नाही.

ताई


२१ जानेवारी

इंजिनीअरसाहेब,

उत्तर नाही. छान. अभियांत्रिकी अर्धवट सोडलीत, पत्रव्यवहारही सुरू होण्याआधीच सोडलात.

तुझ्या आणि माझ्या जागी दोन नवे गडी आलेत. दोघांच्या माना दिसत नाहीत, खांद्यांतून थेट डोकी उगवली आहेत. एकाला मी बैल म्हणते, दुसऱ्याला दुसरा बैल. स्वभावाने गरीब आहेत, पण सुरांशी त्यांचं काही देणंघेणं नाही. व्हायोलिनवाल्या बाईंनी तिसरा सूर ओढला की हात लावायचा, हे त्यांना मी करून दाखवलं, गाऊन दाखवलं, शेवटी खडूने भिंतीवर काढून दाखवलं. एक दुसऱ्या सुरावर निघतो, दुसरा चौथ्यावर. चौथरा खेकड्यासारखा तिरका जातो. तू नुसता घसा खाकरायचास आणि मला कळायचं. आता मी कुणाच्या खाकरण्याची वाट बघू?

मग दिग्दर्शकाला वाटलं की चौथरा सुरांच्या मागे पडतोय. म्हणाला, जोर लावा. बैलांनी जोर लावला. वर मी उभी होते, आईच्या जागी. गुडघे वाकवले म्हणून वाचले. तेव्हा म्हणाला, मग चौथरा हलका करा, ते लोखंड काढून टाका, म्हणजे कमी जोर लावूनही पटकन जाईल. मी म्हटलं, लोखंड हवंच. तो हसला. "बाई, जड गोष्ट ढकलायला त्रास पडतो, हे शाळेतल्या पोराला कळतं."

त्या वेळी मला तुझी आठवण आली, आणि आठवण आली याचाच संताप आला. लोखंड घालायची अक्कल तुझीच ना! मी तेव्हा किती कुरकुरले होते. आधीच लाकडाचं धूड, त्यात हा लोखंडाचा कप्पा, आपली कंबर म्हणजे काय सरकारी मालमत्ता आहे का? तू मला रिकाम्या आणि भरलेल्या हातगाडीला एकेक धक्का मारायला लावलास. रिकामी उडाली, भरलेली अलगद सुटली. म्हणालास, "ताई, आपला जोर तोच असतो. हलक्या वस्तूला तो जोर वेग धरायची घाई लावतो, जड वस्तूला सावकाश धरू देतो. आईच्या पायाखाली मला सावकाश हवंय." पुढे तू त्वरण वगैरे शब्द काढलेस तेव्हा मी निघून गेले, पण हातगाडी लक्षात राहिली.

हे मी दिग्दर्शकाला सांगितलं. बरोबर तुझ्याच शब्दांत नाही, जरा वरच्या पट्टीत. त्याने पुन्हा चष्मा पुसला. तेव्हा मी ठरवलंय की सगळ्यांसमोर करूनच दाखवायचं. वाळूची पोती भरून ठेवली आहेत, आईच्या वजनाइतकी. आईने वजन सांगायला नकार दिला, म्हणून अंदाजाने भरली. तीही येणार आहे बघायला, खुर्ची आणि उशीसकट.

तू इथे असतास तर हे सगळं तुझं काम होतं.

ताई


८ फेब्रुवारी

धाकट्या,

आता बसून वाच. उभा असशील तर बस.

आधी प्रयोगाचं सांगते. चौथऱ्यावर वाळूची पोती, पोत्यांवर फळी, फळीवर काचेची उंच रिकामी बाटली उभी. बाटली म्हणजे आई. हे मी मोठ्याने म्हटलं नाही, पण आईने माझ्याकडे बघितलं त्या अर्थी तिला कळलं. पोटात लोखंड. बैलांना सांगितलं, बेताने ढकला. चौथरा गेला, बाटली जागच्या जागी उभी. मग म्हटलं, आता सगळा जोर लावा. बाटली मागे पडली, फुटली. दुसरी ठेवली. लोखंड तसंच ठेवून एकालाच ढकलायला लावलं. चौथरा इतका आळसावून निघाला की व्हायोलिनवाल्या बाईंचा तुकडा संपला आणि हा अजून वाटेत. दिग्दर्शक मान डोलवत होता, जणू हे त्यानेच शोधून काढलं.

मग मी कप्पा उघडला आणि लोखंड बाहेर काढलं. चौथऱ्याचं वजन वरच्या वाळूसकट निम्म्यावर आलं. बैलांना म्हटलं, पहिल्यांदा ढकललंत अगदी तसंच ढकला, बेताने. त्यांनी तसंच ढकललं, मी त्यांच्या हातांकडे बघत होते. आणि चौथरा सुसाट सुटला. बाटली मागच्या बाजूला अशी गेली की जणू कुणी तिच्या पायाखालची सतरंजी ओढली.

मला हे आधी बघितल्यासारखं वाटलं. जोर नेहमीचा, चौथरा सरळ, वरचं माणूस मागे. मी त्या वेळी रागात ढकललं नव्हतं, तूही नाही. त्या दिवशी कप्प्यात लोखंडच नव्हतं, धाकट्या. आपले हात जड चौथऱ्याला सरावलेले. हलका आहे हे हातांना कळेपर्यंत तो निघूनही गेला होता.

मी हे तिथेच, काचा वेचता वेचता म्हणाले. कुणी काढलं असेल, कशाला काढेल, असं बडबडत होते. दिवेवाले काका म्हणाले, चोरी झाली असेल, लोखंड काय, कुणीही नेतं. बाकीच्यांना ती माझी सबबच वाटली, मंडळी पांगली. आई मात्र खुर्चीतून उठली नाही. मी तिला हात द्यायला गेले तर म्हणाली, "दार लाव."

मी दार लावलं.

"मी काढायला लावलं," ती म्हणाली. "वॉचमनला सांगून. प्रयोगाच्या आधी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तालमीत मला वरून ऐकू यायचं," ती म्हणाली. "तुमचं धापा टाकणं. तुझी कंबर तेव्हा दुखत होती, तू कुणाला सांगत नव्हतीस, पण ढकलताना कण्हायचीस. दुपारी आपलं भांडण झालं, तू तोंड फिरवून गेलीस. मला वाटलं, निदान एवढं करावं. पोरांच्या अंगावरचं ओझं थोडं कमी करावं. मला काय ठाऊक, गं, ते ओझं मलाच सांभाळत होतं."

धाकट्या, मी काय करायचं अशा बाईचं? एकीकडे तिला गच्च मिठी मारावीशी वाटली, दुसरीकडे त्याच खुर्चीसकट तिला रस्त्यावर नेऊन ठेवावंसं वाटलं. भांडणाची भरपाई म्हणून कुणी लाडू देतं, कुणी चार गोड शब्द बोलतं. आपली आई चौथऱ्याचं पोट रिकामं करते!

मी विचारलं, मग इतके महिने मूग गिळून का बसलीस? त्याने माझ्यावर खापर फोडलं ते ऐकलंस ना तू, जमिनीवर पडल्या पडल्या? तर म्हणते, "ऐकलं. पण तू बहीण आहेस. तुझ्यावर रुसला तरी परवडतं, तू तिथेच असतेस. माझ्यावर रुसला तर तो येणारच नाही." आणि मग माझा हात धरून, डोळ्यांत पाणी आणून, म्हणजे अगदी दुसऱ्या अंकात आणते तसं, "त्याला सांगू नकोस."

मी सांगतेय. मला तिच्या पाण्याची कीव आली, पण मी सांगतेय. तू तिच्यावर चिडू नकोस, तिचा हेतू वाईट नव्हता. पण आता ये. आता तुला त्या वाक्याचं काय करायचं ते कळलं असेल.

ताई


१९ फेब्रुवारी

तू काल फोन केलास. अखेर. मी शिडीवर होते, एका हातात खिळे, तोंडात खिळे. खिळे थुंकून फोन घेतला, इतकी मी आनंदले होते. ही गोष्ट तुला माहीत असावी.

आणि तू म्हणालास, "ताई, मला ठाऊक होतं."

मी अख्खी रात्र ते वाक्य चघळलंय. आईला नेताना मागच्या दारापाशी तू त्या ठोकळ्यांना अडखळलास. वॉचमनला विचारलंस, त्याने सांगितलं. म्हणजे माझ्यावर बोट दाखवून तास झाला नसेल, तेवढ्यात तुला खरं कळलं होतं. तरी तू परत येऊन मंडळींना सांगितलं नाहीस. मला सांगितलं नाहीस. बॅग भरलीस. का, विचारलं तर म्हणतोस, "आईला कसं बोलणार होतो त्या अवस्थेत? आणि तुझ्याकडे बघवत नव्हतं. तू खंबीर आहेस, ताई. तू सहन करशील असं वाटलं."

खंबीर! हा शब्द कुणी काढला, मला त्याचा पत्ता दे.

म्हणजे तिला ठाऊक, तुला ठाऊक, वॉचमनला ठाऊक. तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळत होतात आणि मधे मी. मी वर्षभर झोपेत तो चौथरा ढकलत होते. डावा हात जास्त गेला का, उजवा गेला का, खरंच राग उतरला का हातांत, असं स्वतःलाच विचारत होते. आईला आंघोळ घालताना तिच्या खुब्यावरचा व्रण दिसायचा आणि मी मान खाली घालायचे. आणि तीही खाली घालायची. मला वाटायचं, माझी लाज राखतेय.

तू मला हातगाडी ढकलायला लावून शिकवलंस ना, आता मी तुला शिकवते. आपल्या घरात धक्के सगळ्यांना सारखेच बसतात. तुला जरासा बसला की तू थेट दुसऱ्या गावी. आईला बसला की अश्रू, औषधं, शेजारपाजार गोळा. मला तुम्ही दोघांनी मिळून, सगळ्या अंगानिशी ढकललंत आणि मी बोटभर सरकले असेन. सकाळी कारखाना उघडला, दुपारी आईचं पथ्य केलं, संध्याकाळी रंग लावला. म्हणून तुम्हाला वाटलं, हिला काही होत नाही. जे जागचं हलत नाही त्यालाही धक्का तेवढाच बसतो, एवढं तर तुला त्या कॉलेजात शिकवलं असेल?

मी मंडळींना काही सांगणार नाही. मला सांगायचं असतं तर मी आठवड्यापूर्वीच सांगितलं असतं, दिवेवाल्या काकांच्या कानात घातलं की झालं. पण ते माझ्या तोंडून गेलं तर सगळे म्हणतील, बाई आता आजारी आईवर ढकलतेय. तुम्ही दोघांनी सांगायचं आहे. आईला मी हे सांगितलंय. ती म्हणाली, "बघते." तिचं बघते म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पहिला प्रयोग. तू फोनवर म्हणालास की येऊन डावी बाजू सांभाळतो. सांभाळ. उजवीकडे एक बैल असेल, त्याला खाकरून दाखव. मी मागे नसेन. मी तिकीट काढलंय.


१ मार्च, सकाळी

धाकट्या,

ही चिठ्ठी दिवेवाल्या काकांच्या हाती पाठवतेय. तू आईकडे उतरला आहेस, मी दोन गल्ल्या सोडून इथे कारखान्याच्या माडीवर, म्हणजे चालत आलास तर चहा निवायच्या आत पोहोचशील. पण समोर आलास तर मी बोलणार नाही, ओरडेन, आणि मला काही गोष्टी नीट सांगायच्या आहेत.

काल मी पहिल्यांदा ते नाटक समोरून बघितलं. माझा स्वतःचा चौथरा मी कधी समोरून बघितलाच नव्हता. अंधारातून आई आली तेव्हा ती चालत नाही, सरकत नाही, नुसती जवळ येते असं वाटलं. शेजारच्या बाईने श्वास रोखला. मी तर खुर्चीचा दांडा धरून ठेवला होता. अर्धा हात डावीकडे गेलात तुम्ही, पण ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नसेल.

मग शेवटी सगळे ओळीने उभे राहिले, टाळ्या झाल्या, आणि आईने हात वर केला. मला ठाऊक होतं ती काय करणार. मी तिला सांगितलं होतं, मंडळींना सांग. मंडळी म्हणजे आपली, तालमीच्या खोलीत, चहा पिता पिता. पण आपल्या आईला चार माणसांत बोलणं जमतच नाही, तिला चारशे लागतात.

"मागे एकदा मी इथेच पडले होते," ती म्हणाली, नाटकातल्या त्याच घोगऱ्या आवाजात. "चौथऱ्याला वजन असतं. ते वजन मी काढायला लावलं होतं, कुणाला न विचारता. माझ्या मुलीने ढकललं ते बरोबर ढकललं होतं. दोष तिच्यावर गेला आणि मी तो जाऊ दिला."

लोकांना ओ की ठो कळलं नाही. त्यांना वाटलं, हाही नाटकाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट! शेजारची बाई डोळे पुसत मला म्हणाली, "काय काम करते हो!" माफी मागायला उभी राहिली आणि तिच्यावरही टाळ्या घेऊन गेली. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला.

आणि मग तू विंगेतून बाहेर आलास. तुला कुणी बोलावलं नव्हतं. हाताला वंगण, शर्टाला भुसा, प्रकाशात डोळे मिचकावत उभा. काहीतरी पुटपुटलास. मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्याने!" आणि तू पुन्हा म्हणालास, "मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. ताईवर घातलं." एकही टाळी पडली नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तू तसाच उभा राहिलास, वंगणाचे हात शर्टाला पुसत, पडदा येईपर्यंत. त्या पडद्यालाही काल यायला फार वेळ लागला.

मी आत आले नाही. पण दिग्दर्शकाने मला बाहेर पायऱ्यांवर गाठलंच. चष्मा न पुसता म्हणाला, "उद्यापासून उजवी बाजू तुमची." मी म्हटलं, विचार करते. विचार कसला करायचाय, तुलाही माहीत आहे. पण त्याला एक रात्र झोप लागू नये असं वाटलं.

आता ऐक. आईला अजून माफ केलेलं नाही, तिला सांगू नकोस, ती त्याचाही प्रवेश करेल. तुला तर मुळीच नाही. वर्ष माझं गेलंय, ते टाळ्यांनी भरून येत नाही आणि कबुलीनेही नाही. मला बराच काळ राग येत राहणार आहे आणि मी तो गिळणार नाही, तुम्ही दोघांनी ऐकून घ्यायचा आहे.

संध्याकाळच्या प्रयोगाला मी येतेय. तू डावीकडे, मी उजवीकडे. माझ्या आधी पोहोच आणि कप्प्यात लोखंड थोडं जास्त भर. आज मी खरंच रागात ढकलणार आहे.

ताई